हैदरभाईंची रानमांजर

चौदा वर्षं हैदरभाईंचा फळांचा गाडा माझ्या दुकानासमोर उभा राहिला, आणि त्या चौदा वर्षांत मी त्यांना एकदाही हाळी देताना ऐकलं नाही.

परळीत स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. गाडी आली की बाहेर एकच गलका उठतो. वैजनाथाला आलेली माणसं पिशव्या सांभाळत बाहेर पडतात, रिक्षावाले त्यांना दोन्ही बाजूंनी गाठतात, केळीवाले, पेरूवाले, बेलफुलंवाले आपापल्या सुरात ओरडायला लागतात. हैदरभाई मात्र गाड्यामागे उभे राहून फळं पुसत असायचे.

पुसणं हे त्यांचं अर्धं काम. आमच्या गावात औष्णिक वीज केंद्राच्या राखेची बारीक धूळ कशावरही बसते, सकाळी झाडलेली पायरी दुपारी परत करडी होते. पेरू, सफरचंदं ते ओल्या फडक्यानं पुसत. सीताफळाला फडकं चालत नाही, त्याच्या डोळ्यांच्या खाचांत धूळ अडकून राहते. त्यासाठी त्यांनी दाढीचा जुना ब्रश ठेवला होता. एकेक सीताफळ तळहातावर घेऊन ते असं झाडायचे, जसं लहान लेकराचं तोंड पुसावं. गिऱ्हाईक यायचं ते या स्वच्छ फळांकडे बघून. भाव विचारला तर हैदरभाई सांगत, घासाघीस केली तर खाली बघत, आणि गिऱ्हाईक निघून गेलं तर ब्रश उचलून परत कामाला लागत.

ते असे का, हे मला त्यांच्या बायकोनं, हाफिजाभाभींनी सांगितलं. हैदरभाईंचे अब्बा याच रस्त्यावर केळी विकायचे आणि त्यांचा आवाज म्हणे पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू जायचा. हैदरभाई सतरा वर्षांचे असताना अब्बा आजारी पडले आणि गाडा यांच्याकडे आला. पहिल्याच दिवशी यांनी "केळीऽऽ" म्हणून हाळी दिली. आवाज मधेच फाटला. समोरच्या रिक्षावाल्यांना तेवढं पुरलं. पुढं कितीतरी महिने हैदरभाई दिसले, की कोणीतरी तशाच फाटक्या आवाजात "केळीऽऽ" म्हणायचं. मग त्यांनी हाळी देणंच सोडलं. हळूहळू बाकीचं बोलणंही कमी होत गेलं असावं. मला ते रोज सकाळी मान हलवून सलाम करत, दुपारी जेवायला घरी जाताना गाड्यावर ओलं पोतं टाकत आणि "ताई, जरा बघा" एवढं म्हणत. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं.

त्यांची मुलगी अनिसा आणि माझी ऋतुजा एका वर्गात, आठवीत. त्या वर्षी दसरा झाल्यावर अनिसा गच्चीवरचे कपडे काढून आणताना पायरी चुकली आणि थेट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. अंबाजोगाईला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळी टाकली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दहा आठवडे या पायावर भार द्यायचा नाही. तेरा वर्षांची पोर, घरात कधी एका जागी न बसणारी, ती खिडकीजवळच्या पलंगाला खिळली.

ऋतुजा शाळा सुटली की तिच्याकडे जायची आणि दोघी मोबाइलवर ठोकळ्यांचा खेळ खेळत बसायच्या. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, झाडं, गाईसुद्धा. ठोकळे फोडायचे, रचायचे, घर बांधायचं, शेत करायचं. दोघींचं एकच जग होतं. एकीनं इकडं बसून भिंत बांधली तर दुसरीला आपल्या मोबाइलवर ती दिसायची. त्या जगात नदीपलीकडं जंगल होतं, आणि त्या जंगलात एक रानमांजर फिरायची. पिवळी, अंगावर काळे-तपकिरी ठिपके. माणसाला ती काहीही करत नाही. ओरबाडत नाही, अंगावर येत नाही. माणूस दिसला की पळून जाते, एवढंच. तिचं खरं नाव इंग्रजीतलं, जिभेला वळणारं नाही, म्हणून पोरी तिला ठिपकी म्हणायच्या.

ठिपकी जवळ यावी म्हणून करायचं काय, तर हातात कच्चा मासा धरून उभं राहायचं. हलायचं नाही. आपणहून तिच्याकडं जायचं नाही. तिला वाटलं तर ती एकेक पाऊल टाकत येते, आणि आपण जरा वळलो तरी उधळते. अनिसाला हे काही केल्या जमेना. ती मासा धरायची, मांजर झाडाआडून डोकवायची, की हिचा अंगठा पुढं गेलाच. आठवडाभर चिडून झाल्यावर तिनं मोबाइल अब्बांच्या हातात दिला. घरात गप्प राहता येणारा माणूस तोच एक होता.

दुपारी एक ते चार स्टेशनचा रस्ता पेंगतो. हैदरभाई घरी जायचे, जेवायचे, आणि लेकीच्या पलंगाशेजारी खाली बसून तो मोबाइल दोन्ही हातांत धरायचे. सुरुवातीला त्यांना वळता येईना, झाडावर आपटत होते, नदीत पडत होते. अनिसा सांगेल तसं ते शिकले. गळ टाकून मासे धरायला शिकले. मग जंगलाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

हे सगळं मला नंतर कळलं. मला एवढंच दिसायचं, की हैदरभाई दुपारी घाईनं जातात आणि उशिरा येतात. मग डिसेंबरच्या सुरुवातीला एके दिवशी ते पोतं काढता काढता थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, काल तिनं मासा घेतला."

चौदा वर्षांत त्यांनी आपणहून मला सांगितलेली ही पहिली बातमी. मी विचारलं, कोणी घेतला? मांजरीनं, म्हणाले. मला वाटलं घरात मांजर शिरत असेल, म्हणून मी म्हटलं, दुधाचं भांडं झाकून ठेवा, एकदा सवय लागली की पिच्छा सोडत नाही. हैदरभाईंचे कान लाल झाले. "घरातली न्हाई," ते म्हणाले. "अनिसाच्या मोबाइलातली."

मग त्यांनी मला ठिपकीची सगळी हकिगत सांगितली. अडखळत, मधे गिऱ्हाईक आलं तर थांबून, पण सांगितली. एकवीस दिवस ते उभे राहिले होते. पहिले सहा दिवस ती नुसती दिसून जायची. मग ती लांबून बसून बघायला लागली. एकदा अगदी जवळ आली आणि नेमका कुकरच्या शिट्टीनं यांचा हात हलला, झालं, पुढचे चार दिवस तिचा पत्ता नाही. त्या दिवसापासून हाफिजाभाभींनी दुपारी कुकर लावायचा नाही असं अनिसानं ठरवून टाकलं. अनिसा शेजारी श्वास रोखून बघायची आणि कुजबुजत राहायची, "अब्बा, हिलू नक्को." आणि काल तिनं मासा खाल्ला, मग आणखी एक खाल्ला, तिच्या डोक्यावर लाल बदाम उडाले. म्हणजे आता ती यांना बघून पळणार नव्हती.

"मग आता ती घरी येणार का तुमच्या?" मी विचारलं.

"न्हाई. ती पाळता येत न्हाई. ती तिथंच ऱ्हाती."

मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. हैदरभाई बोलले याचंच नवल वाटलं.

पुढचे दहा-बारा दिवस ते रोज दुपारी ठिपकीला मासा द्यायला जात. जंगल दाट होतं, मोबाइल लहान, आत शिरलं की यांना वाट सापडायची नाही. म्हणून ते रोज थोडं अलीकडं, नदीच्या बाजूला उभे राहायचे. ठिपकीही रोज थोडी अलीकडं यायची.

नदीच्या अलीकडं माझ्या ऋतुजाचं कोंबड्यांचं खुराडं होतं. खुराडं म्हणजे उघडीच जागा, कुंपण घालायचा तिला कंटाळा. एका रविवारी सकाळी ती चहा पिता पिता मोबाइल घेऊन बसली होती. ती एकदम ओरडली, माझ्या सात कोंबड्या गेल्या. बघते तर ठिपकी आठव्या कोंबडीच्या मागं. ऋतुजानं तलवार काढली आणि दोन घावांत तिला मारून टाकलं. मी समोर पोहे निवडत बसले होते. मला दिसलंही नाही काय झालं ते. तिनं कोंबड्या मोजल्या, मोबाइल ठेवला आणि अंघोळीला गेली.

दुपारी हैदरभाई मासा घेऊन उभे राहिले. ठिपकी आली नाही. ते नदीपासून आतपर्यंत हिंडले. अनिसानं ऋतुजाला फोन करून विचारलं, तेव्हा हिनं सरळ सांगून टाकलं, की ती माझ्या कोंबड्या खात होती, मी मारली. अनिसानं फोन ठेवला तो ठेवलाच, पुढं दोघींचं बोलणं बंद. हैदरभाईंनी मग काय केलं, ते मला हाफिजाभाभींनी सांगितलं. मोबाइल उशीशेजारी ठेवला, रविवारी माझं दुकान बंद म्हणून घरी आणलेला गाडा भर उन्हात अंगणात धुतला, चाकंसुद्धा धुतली, आणि पाणी संपल्यावर तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा मान हलवून सलामही झाला नाही. पेरू पुसत होते, पण पुसलेलाच पेरू परत पुसत होते. मला आता त्याची लाज वाटते, पण मी हसले. मला खरंच वाटलं की हसण्यावारी नेलं की संपेल. मी म्हटलं, "काय हैदरभाई, मोबाइलातल्या मांजरीचं कशाला एवढं मनाला लावून घेताव? दुसरी यील की."

त्यांनी पेरू खाली ठेवला.

"ताई, ती माजी न्हवती," ते म्हणाले. "पाळलेली न्हवती, घरी बी येणार न्हवती. मला बघून पळायचं तेवढं थांबली व्हती. त्याला एकवीस दिवस लागले."

एवढं बोलून त्यांनी पुढचा पेरू घेतला. आवाज चढला नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता. मी दुकानात येऊन झेरॉक्सच्या मशिनशी उगाच खुडबुड करत बसले. एक माणूस आधार कार्ड घेऊन आला, त्याच्या दोन प्रती मागितल्या तर मी चार काढल्या.

संध्याकाळी मी ऋतुजाला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. रागावले नाही. रागावण्यासारखं तिनं तरी काय केलं होतं? कोंबड्या गेल्यावर कोणीही काठी घेऊन धावतंच. ती आधी फणकारली, की माझ्या कोंबड्यांचं कोणालाच काही नाही. मग एकवीस दिवसांचं ऐकलं आणि हातातला मोबाइल पालथा ठेवला. मी तिला जा म्हणाले नाही, जाऊ नको असंही म्हणाले नाही.

दोन दिवसांनी शाळेतून येताना ती दप्तरासकट हैदरभाईंच्या गाड्यासमोर जाऊन उभी राहिली. मी दुकानातून बघत होते. ती काही बोलेना आणि हे तर बोलणारच नाहीत. शेवटी हैदरभाईंनीच विचारलं, "तुज्या कोंबड्या किती गेल्या?"

"सात."

"चूक माजी हाय," ते म्हणाले. ऋतुजानं मान वर केली. "ती आतमंदी ऱ्हायची. लांब. मी रोज मासा दाखवून तिला भायेर आणली. माजी सोय बघितली मी. आत गेलो असतो रोज, तर ती तुज्या कोंबड्यांपोत आलीच नसती."

माझी पोरगी तिथंच रडायला लागली. हैदरभाई घाबरले. त्यांनी गाड्यावर नजर फिरवून सगळ्यात मोठा पेरू उचलला, पुसलेला होता तरी परत पुसला, आणि तिच्या हातात दिला. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नसावं. पण पेरू देऊन ते थांबले नाहीत. म्हणाले, आधी आपण खुराड्याला कुंपण घालू. मग आत जाऊन दुसरी मांजर बघू.

शुक्रवारी हैदरभाई नमाजहून आले की गाडा थोडा उशिरा लावतात. त्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. ऋतुजा म्हणाली आई, तू पण चल. चौदा वर्षं शेजारी असून मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. दुकानाला कुलूप घालून गेले. दोन खोल्या, खिडकीत कोथिंबिरीचा डबा, पलंगावर अनिसा पाय लांब करून बसलेली. तिनं ऋतुजाकडं बघितलं नाही. ऋतुजा पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. हाफिजाभाभींनी चहा आणि खारी ठेवली आणि अनिसाच्या पायापासून गल्लीतल्या नळापर्यंत सगळं मला सांगून टाकलं.

आधी कुंपण झालं. अनिसानं लाकडं तोडली, ऋतुजानं फळ्या लावल्या. काम निघालं की अबोला किती टिकणार? "फाटक कुठं लावू?" असं ऋतुजानं विचारलं आणि अनिसानं "इकडं, नदीच्या उलट" म्हणून उत्तर दिलं, तेव्हा तो सुटला. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

मग अनिसानं मोबाइल अब्बांकडं दिला आणि ते ऋतुजासोबत नदी ओलांडून जंगलात गेले. या वेळी हैदरभाई कडेला थांबले नाहीत. वाट चुकू नये म्हणून ऋतुजानं जागोजागी झाडांवर दिवे लावले आणि ते दिवसभर चालल्यासारखे आत आत गेले. एका मोकळ्या जागी त्यांनी हातात मासा घेतला आणि थांबले. ऋतुजाला त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवायला सांगितला. मांजरीकडं बघू नको, म्हणाले, ती आली तरी बघू नको, जमिनीकडं बघ. बघितलं की तिला वाटतं आपण धरायला आलो.

हाफिजाभाभी सुद्धा बशी हातात धरून तशाच बसल्या होत्या. मी त्या लहानशा पडद्याकडं बघत होते आणि मधेमधे हैदरभाईंकडं. खांदे सैल, अंगठे काचेवर नुसते टेकवलेले. गाड्यामागं उभे असतात तसेच, पण तिथं ते अंग चोरून असतात. इथं तसं काही नव्हतं.

झाडांच्या मधून पिवळं काहीतरी सरकलं. थांबलं. दोन पावलं आलं. ऋतुजानं माझा हात गच्च धरला. ते ठिपक्यांचं चौकोनी डोकं आमच्याकडं बघत राहिलं आणि मग वळून झाडीत गेलं.

मला वाटलं, गेला वेळ फुकट. हैदरभाई मात्र हसत होते. "आज बघून गेली," म्हणाले. "उद्या बसंल."

ती बसायला पाच दिवस लागले, मासा घ्यायला संक्रांत उजाडली. त्या दिवशी मासा हैदरभाईंच्या नाही, ऋतुजाच्या हातात होता. तिनं शाळा सुटल्यावर सलग अकरा संध्याकाळी न हलता काढल्या होत्या. माझ्या पोरीला जेवताना दोन मिनिटं एका जागी बसता येत नाही, म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन ती त्यांच्या घरी गेली आणि रात्रीचं जेवण तिथंच करून आली.

जानेवारीच्या शेवटी अनिसा वॉकर धरून चालायला लागली, मग काठी, मग काठीही सुटली. ती शाळेत जायला लागल्यावर वर्गात ही गोष्ट पसरली. आठवीतली पोरं-पोरी शाळा सुटली की गाड्याशी थांबायला लागली. कोणाची मांजर दिसतच नव्हती, कोणाची जवळ येऊन पळत होती. "चाचा, किती लांब उभं राहायचं?" "चाचा, पावसात येती का ती?" हैदरभाई पेरू पुसता पुसता एकेकाला उत्तर द्यायचे. हळू आवाजात, म्हणून पोरांना पुढं वाकून ऐकावं लागायचं. एका रिक्षावाल्यानं एकदा लांबून जुन्या सवयीनं फाटक्या आवाजात "केळीऽऽ" केलं. पोरांना त्याचा अर्थच कळला नाही. त्यातल्या एकीनं वळून त्याला गप्प बसायची खूण केली, कारण चाचा काहीतरी सांगत होते.

या उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं. गाडे सगळे हलवले, हैदरभाईंना जागा मिळाली ती पार वळणापलीकडं, जिथं मला दुकानातून दिसत नाही. पहिले दोन दिवस धंदा काहीच झाला नाही, असं भाभी म्हणाल्या. तिथं गिऱ्हाईक नवीन, आणि हे हाळी देणार नाहीत. तिसऱ्या दिवशी चार-पाच पोरं विचारत विचारत माझ्या दुकानात आली, की फळवाले चाचा कुठं गेले. त्यांना नीट खुणा सांगता येईनात मला, म्हणून मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यासोबत वळणापर्यंत चालत गेले. हैदरभाई नव्या जागी टरबुजांवरची धूळ पुसत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बसा ताई, लई दिवसांनी आलाव."

दोनच दिवस झाले होते. मी बसले.